एप्रिलमधलं तोयामा: पहाटे होतारुइका, मग बर्फाच्या भिंती

भारतातून कोणी जपानला यायचं म्हटलं की यादी ठरलेली असते, तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका आणि जमलंच तर हिरोशिमा. माझे आई-बाबा यायचे ठरले तेव्हा त्यांच्याकडेही व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलेली अशीच यादी होती. तोक्योच्या निशी-कासाईत राहून मला आता बरीच वर्षं झाली आणि माझं मत पक्कं झालंय की जपान बघायचं तर एक प्रांत आणि एक मोसम धरावा, त्या महिन्यात तिथे जे फुलतं, जे समुद्रातून वर येतं तेच बघावं आणि तेच खावं. म्हणून क्योतोचे दिवस कमी केले आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोघांना घेऊन तोयामाला गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे सगळं प्लॅनिंग माझ्याकडेच होतं, आणि हे सगळं नीट लिहून काढतेय कारण ओळखीतले बरेच जण विचारतायत की वयस्कर माणसांना घेऊन हा रूट जमतो का. जमतो. छान जमतो.

आधी तोयामाच का ते सांगते. नकाशात बघितलंत तर जपानच्या पाठीमागच्या बाजूला, जपानच्या समुद्राला लागून हा प्रांत आहे. एका बाजूला 3000 मीटरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला 1000 मीटरपेक्षा खोल आखात, आणि मधे जेमतेम काही तासांचं अंतर. हिवाळ्यात सायबेरियावरून येणारा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना खालच्या कोमट प्रवाहाची वाफ उचलतो आणि या डोंगरांना थडकला की सगळी वाफ बर्फ होऊन तिथेच पडते. मग तेच बर्फ वसंतात वितळून छोट्या, उताराच्या नद्यांमधून आणि जमिनीखालून थेट आखातात उतरतं. म्हणजे वर बघायचं बर्फ, मधे त्या पाण्यावरचा भात आणि खाली मासळी, तिथे ही गोष्ट एकच आहे आणि एप्रिलमध्ये ती वरपासून खालपर्यंत बघता येते. माझ्या माहितीत जपानमध्ये दुसरीकडे कुठे हे इतक्या थोड्या अंतरात दिसत नाही.

बुकिंगचं सांगायचं तर तीन गोष्टी आधी करायच्या. पहिली, होकुरिकु शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. तोक्योहून कागायाकी गाडी सव्वादोन तासांच्या आत तोयामाला पोचवते, तिच्यात सगळ्या सीट रिझर्व्ह असतात त्यामुळे आयत्या वेळी जाऊन बसू म्हणू नका. दुसरी, तातेयामा कुरोबे अल्पाइन रूटचं वेब तिकीट, म्हणजे केबल कार, बस, रोपवे असं बदलत डोंगर ओलांडून पलीकडे नागानो प्रांतात जायचा मार्ग. हा रूट एप्रिलच्या मध्यावर उघडतो आणि 30 नोव्हेंबरला बंद होतो, आणि एप्रिल-मेमध्ये पहिल्या केबल कारची वेळ धरून तिकीट घेतलं नाही तर तातेयामा स्टेशनवर कितीही वेळ बसून राहावं लागू शकतं. एका बाजूचं तिकीट माणशी दहा हजार येनच्या वर जातं, महाग आहे हे खरं, पण त्यात वाहनंही किती बदलतात ते पुढे सांगतेच. तिसरी गोष्ट म्हणजे सामान. वर चढताना बॅगा ओढायच्याच नाहीत. तोयामात सकाळी बॅगा द्यायच्या आणि डोंगराच्या पलीकडे नागानो प्रांतात त्या आपल्याला मिळतात, अशी खास सेवा तिथे मोसमात चालते. आमच्या बॅगा त्याच संध्याकाळी ओमाचीला हजर होत्या. आई-बाबांचे औषधाचे डबे, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि आईच्या चपात्या-चटणी एवढंच आम्ही पाठीवर घेतलं.

पहिली रात्र मी तोयामा शहरात न ठेवता शेजारच्या नामेरिकावामध्ये ठेवली आणि त्याचं एकच कारण, होतारुइका. हे बोटाएवढं छोटंसं माकुल (स्क्विड), फार तर सात सेंटीमीटरचं, आणि ते अंधारात निळं चमकतं. दिवसा कित्येकशे मीटर खोल राहतं, रात्री वर येतं, आणि मार्चपासून मेपर्यंत त्याच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतात. आखात किनाऱ्याला लागूनच एकदम खोल होत असल्यामुळे खोल पाण्यातला हा जीव इथे किनाऱ्याच्या इतक्या जवळ सापडतो. इथल्या समुद्राच्या त्या पट्ट्याला 1952 मध्ये विशेष नैसर्गिक वारशाचा दर्जा दिलाय, माकुलाला नाही हं, ते जिथे जमतं त्या पाण्याला.

बघायला जायचं म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास बोट निघते, त्यामुळे शहरातून त्या वेळी यायला ट्रेन नसते आणि म्हणूनच तिथे मुक्काम. लाटा असल्या की बोट रद्द होते आणि असं बऱ्याचदा होतं, त्यामुळे हे मनाशी धरूनच जायचं. आमच्या वेळी समुद्र शांत होता. लाइफ जॅकेट घालून, दोन स्वेटरवर जाकीट चढवून आई बसली, मी तिला म्हटलं होतं की आई तू झोप, तू तर हे खाणारही नाहीस, तर म्हणाली, "खात नाही म्हणून बघू पण नको का?" आमची बोट मासेमारीच्या होड्यांच्या मागे जाऊन थांबली. किनाऱ्यावरचे दिवे स्पष्ट दिसत होते इतकं ते जवळ होतं. समोरच्या होड्यांवरचे लोक मोठं जाळं गोल करून हळूहळू आवळत वर घेतात, आणि जाळं पुरेसं आवळलं गेलं की दिवे घालवतात. आणि मग त्या काळ्या पाण्यात निळे ठिपके पेटायला लागतात, आधी चार-दोन, मग जाळं जरा हललं की सगळं पाणीच निळं होतं. आई केवढ्यांदा "अगं बाई गं!" म्हणाली की शेजारचे जपानी आजोबा हसायला लागले. मोबाइलमध्ये फोटो नीट येत नाही, त्यात वेळ घालवू नका, डोळ्यांनी बघा.

बाबा मालवणचे. त्यांना चमकण्यापेक्षा जाळ्यात जास्त रस. बराच वेळ बघून म्हणाले, "ही काय रापण नाय." बरोबरच होतं, ही ओढून आणायची जाळी नाहीत, मोसमभर एका जागी समुद्रात उभी असतात. मासा वाटेत आडव्या जाळ्याला अडतो, वळतो आणि आपणहून आतल्या खणात शिरतो. येतं त्यातलं होतारुइका जवळजवळ सगळं मादीच असतं. बाबांनी मग त्या होडीवर माणसं किती, कोण कुठल्या बाजूने ओढतो हे सगळं मला मोठ्याने सांगत सांगत बघितलं आणि परतताना त्यांची झोप पूर्ण उडालेली होती.

खाण्याचं सांगते, कारण ते बाबांच्या पानात आलं. मिठाच्या पाण्यात उकडलेलं होतारुइका, गुलाबी-जांभळं, टम्म फुगलेलं, बरोबर सुमिसो म्हणजे व्हिनेगर घातलेलं गोडसर मिसो, आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण. आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी एक छोटा चिमटा दिला आणि करून दाखवलं, दोन्ही डोळे काढायचे, पायांच्या मधली कडक चोच काढायची, मग पाठीतली पारदर्शक काडी ओढून काढायची. डोळे राहिले तर दाताखाली वाळूसारखे लागतात. बाबा पहिल्या दोन-तीन माकुलांनंतर इतक्या सफाईने करायला लागले की काकूंनी आणखी एक वाटी आणून ठेवली. कच्चं मात्र आतल्या भागासकट खायचं नाही, त्यात परजीवी असतात, उकडलेलं किंवा नीट गोठवलेलंच घ्यायचं हे तिथले लोकही आवर्जून सांगतात.

आई शाकाहारी, आणि जपानमध्ये शाकाहारी माणसाचं काय होतं हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, सगळ्यात माशाचा दाशी, म्हणजे माशाचं पातळ सार, असतो. पण तोयामात एक सोय आहे. इथे भाताचा गोळा नोरीत, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाच्या कागदासारख्या पानात, न गुंडाळता तोरोरो कोंबूत घोळवतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये मऊ करून केसासारखं तासलेलं समुद्री शेवाळ. कोंबू उगवतं होक्काइदोला, पण जुन्या काळात कितामाएबुने नावाची व्यापारी गलबतं ते घेऊन या किनाऱ्याने यायची, तेव्हापासून तोयामाच्या लोकांना कोंबूचं भारी वेड आहे, मासाही कोंबूच्या दोन पट्ट्यांमध्ये मुरवून खातात. आईला आत उमेबोशी असलेला गोळा घेतला, उमेबोशी म्हणजे खारवलेलं उमे नावाचं आंबट फळ, आणि तिला तो आवडला. विकत घेताना आत काय आहे ते विचारा, कारण बऱ्याचदा आत माशाचा कीस असतो.

दुसऱ्या दिवशी तोयामा शहर, आणि ते मी पटकन सांगते. मात्सुकावा नदीकाठचा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तोपर्यंत गळून गेलेला होता, पाकळ्या पाण्यावर होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर तो आणि असाही गावची ती जागा दोन्ही बघा, जिथे साकुरा, ट्यूलिप, मोहरीसारखी पिवळी फुलं आणि मागे बर्फाचे डोंगर एकाच फ्रेममध्ये येतात, पण तेव्हा अल्पाइन रूट बंद असतो, दोन्ही एकाच वेळी क्वचितच जमतं. बाबांना काळं रामेन, म्हणजे सुपातल्या नूडल्स, खायचं होतं, 1947 च्या सुमाराला युद्धानंतर शहर परत बांधणाऱ्या मजुरांसाठी सुरू झालेलं, प्रचंड खारट, ते घाम गाळणाऱ्या माणसांनी भाताबरोबर खायचं रामेन आहे. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला मी ते पूर्ण खाऊ दिलं नाही, सूप तसंच ठेवायला लावलं.

त्यापेक्षा मासुझुशी, म्हणजे माशाची दाबलेली सुशी, घ्या, आणि ती रूटवर न्यायलाच घ्या. ही 1912 पासून स्टेशनवर डब्यात मिळते. लाकडाचा पातळ गोल डबा, वर-खाली बांबूच्या काड्या आणि त्या रबरबँडने इतक्या कचकचून आवळलेल्या असतात की पहिला रबर काढताना जपूनच काढावा. झाकण उघडलं की आधी फक्त हिरवी पानं दिसतात, बांबूच्या जातीच्या सासाची, डब्याच्या मधून बाहेर अशी उलगडत जाणारी. एकेक पान बाजूला केलं की खाली एकसंध गुलाबी मासा, साकुरामासु, आणि त्याखाली व्हिनेगरचा घट्ट दाबलेला भात. आत एक प्लास्टिकची सुरी असते, पानासकट त्रिकोणी तुकडे कापायचे. त्या पानाचा वास भाताला लागलेला असतो. बाबांनी ती पुढे वर बर्फात बसून खाल्ली.

मग रूटचा दिवस. तोयामाहून चिहो रेल्वेची जुनी लोकल तासाभराहून थोडा जास्त वेळ घेत तातेयामा स्टेशनला नेते, उंची 475 मीटर. शेवटचा भाग नदीच्या कडेने, खिडकीशी बसा. तिथून केबल कारने सात मिनिटांत बिजोदाइरा, 977 मीटर, चढ इतका तिरका की आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. बिजोदाइराहून बस, 23 किलोमीटर आणि 50 मिनिटं. सुरुवातीला बीच (beech) जातीची झाडं आणि तातेयामा सीडरची म्हातारी खोडं, मग शोम्यो धबधबा दिसतो तिथे बस हळू होते, 350 मीटरचा, जपानमधला सगळ्यात उंच. त्यानंतर झाडं बुटकी होत जातात, रस्त्याच्या कडेचं बर्फ आधी चाकाएवढं, मग खिडकीएवढं, आणि मग खिडकीतून बाहेर बघायला काही उरतच नाही, दोन्ही बाजूंना पांढरं.

मुरोदो, 2450 मीटर. उतरल्या उतरल्या पाच मिनिटं कुठेही जाऊ नका. आई-बाबांना मी आधी आत बसवलं, गरम पाणी दिलं, आईला जरा धाप लागली होती ती बसल्यावर गेली. गॉगल हवाच, बर्फावरून येणारा उजेड सहन होत नाही. हातमोजे, आणि खाली पकड असलेले बूट, बस्स. मग युकी-नो-ओतानी म्हणजे बर्फाच्या भिंतींचा रस्ता, रस्त्याची एक बाजू चालणाऱ्यांना मोकळी ठेवतात आणि दुसऱ्या बाजूने बस जातात, साधारण 500 मीटर, सपाटच आहे, बाबांच्या गुडघ्याला त्रास झाला नाही. भिंत आमच्या वेळी 15 मीटरच्या आसपास होती, काही वर्षी 20 च्या जवळ जाते. हे काही एवढंच्या एवढं बर्फ आकाशातून पडत नाही, ही जागा खोलगट आहे आणि वारा आजूबाजूचं बर्फ आणून इथे भरतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे ते भिंतीला हात लावून उभेच राहिले. "अगं, ही तर चिरेखाण," म्हणाले. आणि खरंच, कोकणात चिऱ्याच्या खाणीत मशीनने कापलेल्या उभ्या कडेवर जसे एकसारखे ओरखडे असतात तसेच इथे बर्फ फेकणाऱ्या मशीनच्या पात्यांचे. जवळून बघितलं तर बर्फ सगळं एका रंगाचं नाही, करडे थर आहेत, मधेच निळसर झालेल्या बर्फाची पट्टी, आणि एका ठिकाणी पिवळट रेघ, ती चीन-मंगोलियाच्या वाळवंटातून वसंतात उडून येणारी धूळ. पृष्ठभाग हाताला दगडासारखा टणक, ऊन लागलं तिथून थेंब गळत होते. रस्ता उकरतात कसा याचं उत्तर मला माहीत होतं म्हणून मी सांगितलं, उघडायच्या कित्येक आठवडे आधी काम सुरू होतं, सगळा रस्ता बर्फाखाली नाहीसा झालेला असतो, त्यामुळे जीपीएस लावलेला बुलडोझर आधी वर चढून रस्ता नेमका कुठून जातो ते शोधतो, मग थर थर कापत खाली यायचं आणि रोटरी मशीनने ते बर्फ बाहेर उडवायचं. बाबा म्हणाले, त्या पहिल्या बुलडोझरवाल्याला भेटायला मिळालं पाहिजे. मलाही तसंच वाटतं.

मुरोदोला लोक भिंत बघून, फोटो काढून पुढची बस पकडतात, हे करू नका. वर आले आहात तर निदान दोन-तीन तास द्या. मिकुरिगाइके तळं एप्रिलमध्ये गोठलेलंच असतं, त्याच्या कडेला 2410 मीटरवर गरम पाण्याचा झरा असलेलं मुक्कामाचं घर आहे, जपानमधलं सगळ्यात उंच ओनसेन. आम्हाला तिकडे जाताना राइचो दिसला, हिमतित्तिर, अजून पांढऱ्या पिसांत, फक्त डोळ्यावर लाल. हा पक्षी माणसाला घाबरत नाही कारण हे डोंगर पूर्वीपासून देवाचे मानलेत, फुजी आणि हाकुसानबरोबर तातेयामा जपानच्या तीन पवित्र डोंगरांपैकी एक, इथे त्याची शिकार केली जात नसे. आईने त्याला हात जोडले.

पुढे वाहनं बदलायला लागतात आणि इथे मोठी माणसं दमतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी घाई न करता एक फेरी सोडायची ठेवा. मुरोदोहून बोगद्यातली बस दहा मिनिटांत दाइकानबोला. इथे 2024 च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ट्रॉलीबस होती, जपानमधली शेवटची, आता बॅटरीवर चालणारी बस आहे. दाइकानबोहून रोपवे, 1.7 किलोमीटर आणि मधे एकही खांब नाही, हिमस्खलनात खांब टिकणार नाही म्हणून, आणि डोंगराचं रूपही बिघडू नये म्हणून. मग कुरोबेदाइराहून पूर्ण जमिनीखालून जाणारी केबल कार, आणि तिच्या दारातून बाहेर पडून थोडं चाललात की धरण.

कुरोबे धरण 186 मीटर उंच, जपानमधलं सगळ्यात उंच. कोयनेचं 103 मीटर, दोन्ही साधारण एकाच काळातली. काम 1956 ला सुरू झालं, 1963 ला संपलं, युद्धानंतर ओसाकाकडे वीज पुरेना म्हणून इतक्या आत, जिथे रस्ताच नाही तिथे, हे बांधलं. सामान आणायला डोंगरातून बोगदा पाडताना भुसभुशीत फुटक्या दगडाचा 80 मीटरचा पट्टा लागला, त्यातून बर्फासारखं गार पाणी जोरात फुटत होतं, तेवढं 80 मीटर ओलांडायला सात महिने लागले. एकूण 171 माणसं गेली, त्यांची नावं धरणाच्या टोकाला लिहिली आहेत. बाबांनी टोपी काढली, बराच वेळ उभे राहिले, मग मला म्हणाले, "आमच्याकडे पण गेली माणसं. नावं मात्र अशी कुठे वाचायला मिळत नाहीत." त्यावर मी काही बोलले नाही. 492 मीटरचा माथा ते सगळा चालले.

तिथल्या कॅन्टीनमध्ये धरणाच्या आकाराची करी मिळते, भाताची कमानदार भिंत आणि मागे हिरव्या करीचं तळं, चांगली तिखट. आईसाठी आमच्या चपात्या. मग शेवटची बस त्याच बोगद्यातून, त्या फुटक्या पट्ट्याच्या जागी निळे दिवे लावलेत ते चुकवू नका, 16 मिनिटांत ओगिझावा, आणि तिथून 40 मिनिटांत शिनानो-ओमाची. तोयामात गळून गेलेला साकुरा इथे नुकता फुलत होता, कारण हे गाव उंचावर. ओमाचीत स्टेशनजवळ ओयाकी घेतले, कणकेचे भाजलेले गोळे आत भोपळा नाहीतर नोझावाना भाजी, विचारून घेतले तर आईसारख्यांना चालतात.

ज्यांना यायचंय त्यांनी एप्रिलच्या 29 तारखेपासूनचा गोल्डन वीक, म्हणजे जपानमधल्या सुट्ट्यांचा आठवडा, शक्यतो टाळा, बर्फ तेवढंच असतं पण रांगा फार. आणि धरणातून पाणी सोडताना बघायचं असेल तर ते 26 जून ते 15 ऑक्टोबर असतं, एप्रिलमध्ये दिसत नाही. बाबांना तेच बघायचंय, जूनअखेरची तिकिटं कधी उघडतात हे त्यांनी ओगिझावाच्या बसमध्येच मला दोनदा विचारून घेतलं.